सरासरीत न मावणारा हिसका

उच्चदाब ग्राहकाच्या वीजबिलात ‘कमाल मागणी’ नावाचा एक रकाना असतो. बिल हातात पडलं की कोल्हापुरातला फौंड्रीवाला आधी तिथेच बोट ठेवतो, कारण मागणी आकाराचा हिशेब त्यावरून होतो. हा आकडा काढायची वर्षानुवर्षांची रीत अशी : सलग तीस मिनिटांत जेवढे केव्हीएएच वापरले त्यांची दुप्पट करायची आणि महिन्यातल्या अशा सगळ्या अर्ध्या तासांतला सर्वांत मोठा आकडा ग्राहकाच्या नावावर लिहायचा. त्या अर्ध्या तासात भट्टी दोनदा थांबली असेल, स्पॉट वेल्डिंगचं मशीन शेकडो वेळा ठोकलं असेल, कॉम्प्रेसर दहा वेळा सुटला असेल. मीटर या सगळ्याचं एक सपाट पठार करून टाकतं. बिलासाठी तेवढं पुरतं. ट्रान्स्फॉर्मरला मात्र पठार दिसत नाही, त्याच्या वाट्याला प्रत्येक चढ आणि प्रत्येक उतार येतो.

हे पुस्तक त्या चढउतारांबद्दल आहे. क्षणभर भरपूर वीज ओढायची, मग जवळजवळ काहीच नाही, मग पुन्हा भरपूर, अशा चालीच्या भाराला पाठ्यपुस्तकात स्पंदित भार म्हणतात. मी पुढे बहुतेक ठिकाणी नुसतं ‘हिसका’ म्हणणार आहे. कोल्हापुरी हिसका कोणाला समजावून सांगावा लागत नाही. हिसक्याचा काळ सेकंदाच्या काही हजाराव्या भागापासून तासाभरापर्यंत कितीही असू शकतो, आणि कोणत्या काळाचा हिसका कोणत्या यंत्राला बाधतो हेच या विषयाचं मर्म आहे. सगळ्या पुस्तकाचं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर बिल सरासरीवर निघतं, झीज हिसक्यांनी होते. आपल्या कारखान्यांतली विजेची सगळी व्यवस्था बिल डोळ्यांसमोर ठेवून उभी राहते आणि मग डीपी का जळाली, कपॅसिटर का फुगले याचं कोडं पडतं.

खरं तर हिसका सांभाळायची विद्या कोल्हापूरला जुनी आहे. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीने ज्या यंत्रविद्येवर शिवाजी उद्यमनगराचं नाव केलं, तिच्या मध्यभागी ऑइल इंजिन होतं. एकसिलिंडरी चार-स्ट्रोक इंजिन म्हणजे हिसक्यांचाच झरा. दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो, तोही अर्ध्या फेरीपुरती ताकद देतो. उरलेली दीड फेरी इंजिन ओढून न्यायची ती बाजूच्या जाडजूड फ्लायव्हीलने. मिनिटाला ६५० फेरे घेणारं इंजिन सेकंदाला पाच-साडेपाच हिसके देतं, १,००० फेऱ्यांचं सव्वाआठ. पंप ओढायचा असेल तर एवढ्याने काही बिघडत नाही. पण त्याच इंजिनाला डायनामो जोडून बल्ब लावला की प्रत्येक स्फोट डोळ्यांना दिसतो. म्हणून जनित्राच्या इंजिनाला जास्त वजनाची फ्लायव्हीलं घालत. गुऱ्हाळातही तेच. घाण्यात उसाची मोठी मोळी गेली की इंजिन दबतं, पट्टा कुरकुरतो, आणि चाकात साठलेली ताकद ती मोळी पार करून देते. हिसका येणारच, तो कुठेतरी साठवलेल्या ऊर्जेतून भागवायचा, हे तत्त्व आपल्याकडच्या मेस्त्रीला गणिताशिवाय कळलेलं होतं. इंजिन जाऊन मोटर आली, चाक हलकं झालं किंवा गेलंच, आणि हिसका थेट तारेतून डीपीपर्यंत पोहोचायला लागला.

आता एक हिशेब. पुस्तकात गणित फार नाही, पण हा एवढा हिशेब ज्याच्या हाडात मुरेल त्याला पुढचं सगळं सोपं जाईल.

स्पॉट वेल्डिंगचं एक मशीन घ्या. ठोका पडतो तेव्हा ते लाइनमधून १०० अँपिअर ओढतं आणि एकूण वेळेपैकी दहा टक्के वेळच ठोका चालू असतो. सरासरी करंट झाला १० अँपिअर. युनिटं साधारण त्या हिशेबाने पडतील. पण तार तापते ती करंटच्या वर्गाच्या हिशेबाने. तेव्हा उष्णतेसाठी १०० ला ०.१ च्या वर्गमुळाने गुणायचं, उत्तर येतं जवळजवळ ३२ अँपिअर. सरासरी पाहून १० अँपिअरची केबल टाकणाऱ्याच्या केबलमध्ये अंदाजापेक्षा दहापट उष्णता तयार होते. आणि व्होल्टेज किती पडेल याचा विचार करताना ३२ सुद्धा कामाचे नाहीत, तिथे पुरते १०० धरायचे, कारण व्होल्टेज ठोक्याच्या त्या क्षणी पडतं. ट्रान्स्फॉर्मरच्या वाइंडिंगवर बसणारा यांत्रिक जोर तर त्या १०० च्या वर्गाने वाढतो. एकाच मशीनचे असे तीन वेगळे आकडे निघतात. मीटरला दहा दिसतात, केबलला बत्तीस आणि शेजारच्याच्या दिव्याला शंभर. भांडणाच्या वेळी जो तो आपल्या सोयीचा आकडा पुढे करतो.

दिव्याचं भांडण उद्यमनगरात जुनं आहे, कारण तिथे वर्कशॉप आणि घरं खेटून आहेत. माणसाचा डोळा या बाबतीत भलताच तिखट असतो. व्होल्टेज सेकंदाला सुमारे ८.८ वेळा वरखाली होत असेल तर साध्या बल्बच्या उजेडात तीनशेतल्या एका भागाएवढा व्होल्टेजचा फरकही डोळ्याला टोचतो. तोच हिसका मिनिटाला एखादा असेल तर दोन-तीन टक्केही माणूस खपवून घेतो. दिव्याची ही लुकलुक, म्हणजे फ्लिकर, मोजायचं आंतरराष्ट्रीय मानकातलं उपकरण याच अनुभवावर बेतलेलं आहे आणि त्याचा आधार ६० वॅटचा तारेचा बल्ब आहे. आज घरोघरी एलईडी आहेत. त्यांतले काही आतल्या सर्किटमुळे हिसका गिळून टाकतात, काही स्वस्तातले तो वाढवून दाखवतात. एका घरात तक्रार आणि शेजारच्या घरात काहीच नाही, असं झालं तर तक्रार खोटी समजू नये.

व्होल्टेज पडलं की आपण महावितरणच्या नावाने बोटं मोडतो. कधी ते रास्तही असतं. पण पुष्कळदा कारण शेजारच्या शेडमध्ये असतं, आणि कबूल करायला जड गेलं तरी बऱ्याचदा आपल्याच शेडमध्ये. हे समजून घ्यायला विजेच्या दोन गुणांतला फरक ध्यानात ठेवावा लागतो. फ्रिक्वेन्सी सगळ्या देशाची एक असते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड उर्वरित भारताला एका तालात मिळालं. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची जनित्रं एकत्र फिरतात. कागलच्या एका भट्टीच्या हिसक्याने ती फ्रिक्वेन्सी ढिम्म हलत नाही. कोयनेची १,९६० मेगावॅटची यंत्रं आणि देशभरातले हजारो टनांचे रोटर मिळून तिला धरून ठेवतात. व्होल्टेज मात्र गल्लीचं असतं. तुमच्या ट्रान्स्फॉर्मरचा आडदांडपणा किती, फीडर किती लांब, तारा किती जाड, यावर ते ठरतं, आणि तिथे तुमच्या मदतीला कोयना येत नाही.

आडदांडपणा मोजता येतो. १,००० केव्हीएचा ट्रान्स्फॉर्मर, त्याच्या पाटीवर इंपिडन्स ५ टक्के. भागाकार केला की त्याची शॉर्ट सर्किट क्षमता निघते २०,००० केव्हीए. त्यावर वेल्डिंगने ४०० केव्हीएचा ठोका मारला तर व्होल्टेज साधारण दोन टक्के पडतं. आता लाइट गेली आणि कारखाना तेवढ्याच क्षमतेच्या डिझेल जनरेटरवर आला असं धरा. जनरेटरची आतली अडवणूक क्षणिक हिसक्यापुरती पंधरा-वीस टक्के असते, म्हणजे तोच ठोका आता सहा ते आठ टक्के व्होल्टेज पाडणार. लाइटवर गुमान चालणारं सीएनसी मशीन जनरेटरवर अलार्म देऊन थांबतं. मग मेकॅनिकला बोलावलं जातं, कार्डं बदलली जातात, आणि दोष काही सापडत नाही.

ट्रान्स्फॉर्मरबद्दल पुस्तकात सर्वांत मोठं प्रकरण आहे, आणि ते मुद्दाम मोठं ठेवलं आहे. हिसक्याचा करंट वाइंडिंगमधून जातो तेव्हा कॉइलच्या वेढ्यांना एकमेकांकडे ओढणारा किंवा दूर ढकलणारा जोर लागतो. करंट दुप्पट तर जोर चौपट. एका शॉर्ट सर्किटमध्ये बसणाऱ्या धक्क्यापेक्षा हा कितीतरी लहान असतो, पण तो दिवसातून हजारो वेळा बसतो. कागदाच्या पॅकिंगा दबत जातात, क्लँप सैल होतात, आणि मग एखाद्या दिवशी खरोखरचा शॉर्ट झाला की आधीच सैल झालेली कॉइल तो सोसू शकत नाही. दोष त्या शॉर्टच्या माथी मारला जातो. तापमानाचं दुखणं आणखी आतलं आहे. तेलाला तापायला आणि निवायला दोन-तीन तास लागतात, वाइंडिंगला पाच-दहा मिनिटं. तेव्हा वीस मिनिटांचा मोठा भार आणि वीस मिनिटांचा आराम अशी चाल असेल तर वाइंडिंगमधली सर्वांत गरम जागा प्रत्येक वेळी उकळून निघते आणि टाकीवरचं थर्मामीटर दिवसभर एकच शांत आकडा दाखवत राहतं. इन्सुलेशनच्या साध्या कागदाबद्दल नियम असा की नेहमीच्या मर्यादेपुढे दर सहा अंशांना म्हातारपण दुप्पट वेगाने येतं. टाकीला हात लावून ‘गरम नाही’ म्हणणाऱ्या सुपरवायझरने हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा.

सगळ्यांची नजर ट्रान्स्फॉर्मरकडे असते म्हणून एक साधी गोष्ट इथेच सांगतो. हिसक्यांचा पहिला बळी बहुधा महागडा नसतो, ती असते केबलची लग. ठोक्यागणिक ॲल्युमिनियम प्रसरण पावतं, मग आकसतं. महिनोन् महिने असं झालं की नटबोल्ट सैल, जोड गरम, आणि गरम जोड आणखी सैल. सरासरी करंट केबलच्या क्षमतेच्या निम्मासुद्धा नसताना पॅनेलमध्ये जळका वास येतो तो इथला.

आता भट्टी. कोल्हापूरची फौंड्री कोकवर चालणाऱ्या कपोलाकडून इंडक्शन फर्नेसकडे वळली तेव्हा धूर कमी झाला आणि रसायन हातात आलं. पण त्याचबरोबर कोळशावरचा एक मोठा भार वीजवाहिन्यांवर येऊन बसला, आणि तो दोन वेगवेगळ्या काळांचे हिसके घेऊन आला.

पहिला हिसका संथ. एक टन बीड वितळवायला साधारण सहाशे युनिट लागतात. ७५० किलोवॅटच्या पॅनेलवर पूर्ण ताकदीने पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ. त्यानंतर स्लॅग काढायचा, नमुना घ्यायचा, तापमान बघायचं, लेडलमध्ये ओतायचं. तेवढा वेळ पॉवर जवळजवळ शून्य, मग नवा चार्ज आणि पुन्हा पूर्ण पॉवर. मधेच स्क्रॅप वर अडकून बसलं किंवा धाडकन खाली कोसळलं तर पॉवर त्याप्रमाणे उसळते. एका फीडरवर अशा पाच-सहा भट्ट्या असल्या आणि त्यांच्या हीट योगायोगाने जुळल्या की सबस्टेशनमधला टॅप चेंजर वरखाली करत राहतो. तो मुद्दाम काही सेकंद थांबून मगच हलतो. त्याने हालचाल करावी तोवर भट्टी बंद झालेली असते, आणि मग व्होल्टेज जास्त होतं.

दुसरा हिसका जलद, आणि तो उघड्या डोळ्यांना मुळीच दिसत नाही. भट्टीच्या कॉइलला शेकडो ते हजार हर्ट्‌झची वीज लागते. त्यासाठी पॅनेल आधी लाइनची वीज रेक्टिफायरने एकदिश करतं. सहा पल्सचा रेक्टिफायर लाइनमधून गुळगुळीत लाटेऐवजी ठोकळ्यांनी करंट उचलतो. त्या ठोकळ्यांतून ५०च्या पाचपट, सातपट, अकरापट, तेरापट हर्ट्‌झचे करंट तयार होतात. कागदावरच्या हिशेबाने पाचवा मूळ करंटच्या वीस टक्के, सातवा चौदा टक्के. बारा पल्सचं पॅनेल आणि त्याला एक स्टार, एक डेल्टा अशा दोन वाइंडिंगचा ट्रान्स्फॉर्मर घेतला की पाचवा-सातवा आपसात जवळजवळ फिटतो. पहिली भट्टी घेताना यासाठी लागणारी जास्तीची रक्कम बहुतेकांना नकोशी वाटते.

मग येतात कपॅसिटर. ही गोष्ट कोल्हापूरच्या पट्ट्यात इतक्या जणांना भोवली आहे की तिच्यासाठी मी आकड्यांचा हट्ट धरणार. पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी, आणि १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर निघू लागल्यावर तर अधिकच जोमाने, लोकांनी कपॅसिटर बँका वाढवल्या. मघाचाच १,००० केव्हीएचा ट्रान्स्फॉर्मर घ्या, शॉर्ट सर्किट क्षमता २०,०००. त्यावर ४०० केव्हीएआरचे कपॅसिटर टाकले. २०,००० भागिले ४०० म्हणजे ५०, त्याचं वर्गमूळ सातच्या किंचित वर. याचा अर्थ असा की ट्रान्स्फॉर्मर आणि कपॅसिटर मिळून नेमके सातव्या हार्मोनिकच्या जवळ झंकारायला तयार आहेत, आणि भट्टी सातवा पुरवते आहे. कपॅसिटर फुगतात, फ्यूज उडतात, आणि विक्रेता आणखी कपॅसिटर बसवायचा सल्ला देतो. कपॅसिटरच्या आधी सात टक्क्यांचा रिॲक्टर घातला तर झंकाराची जागा १८९ हर्ट्‌झवर सरकते, पाचव्याच्या सुरक्षितपणे खाली. एवढ्या साध्या उपायाचा खर्च एका जळालेल्या बँकेपेक्षा सहसा कमी येतो. ग्रिडला जोडणीच्या तांत्रिक मानकांचे केंद्रीय नियम २००७ पासून आहेत. मूळ नियमांत व्होल्टेजमधली एकूण हार्मोनिक विकृती पाच टक्क्यांच्या आत आणि कोणताही एक हार्मोनिक तीन टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं होतं. कागदावर मर्यादा असणं ठीक, पण आपल्या इनकमरवर विकृती कोणी मोजली आहे का, हे आधी विचारा.

साध्या कॉन्टॅक्टरवर चालणाऱ्या एपीएफसी पॅनेलचा आणखी एक घोळ होतो. बाहेर काढलेला कपॅसिटर रिकामा व्हायला मिनिटभर लागतं, म्हणून तो लगेच परत घेता येत नाही. भट्टी थांबली की पॅनेल मागे राहतं आणि पॉवर फॅक्टर लीडिंग होतो. भट्टी सुरू झाली की पुन्हा मागे राहतं आणि लॅगिंग होतो. महिन्याची सरासरी छान दिसते, प्रत्यक्षात एकही क्षण बरोबर नसतो.

साखर कारखान्यांत हाच विषय वेगळ्या चेहऱ्याने भेटतो. वारणेपासून बिद्रीपर्यंत आणि कुडित्र्यापासून शिरोळपर्यंत गळीत हंगामात जी बॅच सेंट्रिफ्यूगल मशीनं फिरतात, त्यांच्याइतकं हिसक्याचं शुद्ध उदाहरण दुसरं नाही. बास्केट संथ फिरत असताना मॅसेक्विट भरायचं, मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांपर्यंत वेग चढवून मळी जाळीतून बाहेर फेकायची, ब्रेक लावून पन्नास-साठ फेऱ्यांवर आणायचं, नांगराने साखर खाली पाडायची. सगळं तीनेक मिनिटांत, आणि पुन्हा पहिल्यापासून. वेग चढवताना वीज ओढली जाते आणि ब्रेक मारताना तीच ताकद परत येते. जुन्या मशीनमध्ये ती उष्णता होऊन वाया जायची. आता ड्राइव्ह असतो, तो ती लाइनला परत देतो, किंवा सगळ्या मशीनांचा डीसी बस एक असेल तर थांबणाऱ्या मशीनची ताकद चढणाऱ्या मशीनला मिळते. कारखाना ग्रिडला जोडलेला असतो तोवर हे झाकून जातं. पण ग्रिड ट्रिप झालं आणि कारखाना स्वतःच्या टर्बाइनवर एकटा राहिला की प्रत्येक हिसका सरळ त्या एका शाफ्टवर येतो. वाफेचा व्हॉल्व्ह उघडेपर्यंतची घटका रोटर आपल्या गतीतून भागवतो. चार मशीनं एकदम चढली की फ्रिक्वेन्सी डोळ्यांसमोर पडते.

शाफ्टचा विषय निघाला म्हणून एक दूरचा दाखला. अमेरिकेतल्या मोहावी वीजकेंद्रात १९७०च्या डिसेंबरमध्ये आणि पुन्हा १९७१च्या ऑक्टोबरमध्ये टर्बाइन-जनरेटरचा शाफ्ट निकामी झाला. त्याचं कारण भार हे नव्हतं. लांब वाहिनीवरच्या सिरीज कपॅसिटरांचा विद्युत ताल शाफ्टच्या पिळाच्या नैसर्गिक तालाशी जुळला होता. विजेच्या ठेक्याने जाड पोलाद मोडू शकतं हे त्या दोन घटनांनी वीज अभियंत्यांना शिकवलं. ठेका भाराकडून आला तरी पोलादाला फरक पडत नाही.

आता इचलकरंजीचा प्रश्न. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग आणला. आज त्या गावात मागांची संख्या लाखाच्या घरात आहे. साध्या मागावर धोटा मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा इकडून तिकडे फेकला जातो, आणि प्रत्येक फेकीला मोटर हिसका घेते. मग गावातले सगळे दिवे सतत लुकलुकत का नाहीत? कारण कोणत्याही दोन मागांचा ठेका एकमेकांशी बांधलेला नाही. दहा हजार माग असतील तर एकूण भार दहा हजारपट होतो, पण स्वैर हिसक्यांची एकूण चलबिचल साधारण शंभरपटच होते. गर्दीच हिसका पुसून टाकते. मोठा भार आणि वाईट भार यांत फरक करायला हा दाखला पुरेसा आहे.

गर्दी एका तालात आली की मात्र चित्र उलटतं. पंचगंगा-भोगावतीच्या काठावर शेतीपंपांना थ्री फेज ठरलेल्या वेळी येते. बहुतेक पंपांना ‘ऑटो’ बसवलेला असतो, म्हणजे शेतकऱ्याने रात्री उठून स्टार्टर दाबायला नको. लाइट येते आणि फीडरवरचे सगळे ऑटो एकाच सेकंदाला मोटर घेतात. डायरेक्ट स्टार्टरची मोटर सुरू होताना पाच-सात पट करंट ओढते. व्होल्टेज इतकं पडतं की कोणतीच मोटर नीट वेग धरत नाही, सगळ्या तशाच कण्हत राहतात, डिओ उडतो किंवा फीडर ट्रिप होतो. थोड्या वेळाने ऑपरेटर पुन्हा चालू करतो, पुन्हा तेच. पाच-पंचवीस सेकंदांच्या अंतराने वेगवेगळे सुरू झाले तर हेच पंप त्याच डीपीवर सुखाने चालतात. नदीवरच्या पाणीपुरवठा संस्थांत पाण्याची पाळी जशी ठरते, तशी ही सेकंदांची पाळी. ऑटोमधल्या टायमरचं एक बटण प्रत्येकाने वेगळं फिरवायचं, बस. पुस्तकातला हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि अमलात यायला सर्वांत अवघड, कारण त्याला शेजाऱ्याशी बोलावं लागतं.

एका तालात येण्याचं संकट आता नव्या ठिकाणी उभं आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठी मॉडेलं शिकवताना हजारो प्रोसेसर एकाच वेळी गणित करतात आणि एकाच वेळी एकमेकांची वाट पाहत थांबतात. मेटाच्या तंत्रज्ञांनी २०२४ मध्ये लिहिलं की त्यामुळे एका डेटा सेंटरची मागणी क्षणात दहा मेगावॅटांच्या कित्येक पटींनी वरखाली होते. उलट बाजूने, १० जुलै २०२४ रोजी अमेरिकेत उत्तर व्हर्जिनियात २३० केव्हीच्या एका वाहिनीवर लागोपाठ दोष आले. डेटा सेंटरांच्या यूपीएसनी व्होल्टेजचे डिप मोजले, ठरलेला आकडा भरताच ग्रिड सोडलं, आणि सुमारे १,५०० मेगावॅट भार एकदम नाहीसा झाला. ऐरोली, महापे इथे डेटा सेंटरांच्या ज्या इमारती उभ्या राहत आहेत त्यांच्या वीजजोडणीचा विचार करणाऱ्यांना हा अभ्यास टाळता येणार नाही. तत्त्व मात्र शेतीपंपांच्या ऑटोचंच आहे.

उपायांची प्रकरणं शेवटी आहेत, त्यांबद्दल इथे थोडंच. हिसका पेलायला कुठेतरी ऊर्जा साठवावी लागते, आणि माणसाने तिचे साठे कुठे कुठे केले हा वाचनीय इतिहास आहे. कार्ल इल्गनर या जर्मन अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभी खाणीतल्या लिफ्टसाठी मोटर-जनरेटरच्या शाफ्टवर प्रचंड फ्लायव्हील चढवलं, म्हणजे पाळणा उचलतानाचा हिसका चाकाने द्यावा आणि लाइनने फक्त सरासरी भरावी. इंग्लंडमधल्या जेट या फ्यूजन प्रयोगाकडे १९८३ पासून अशी दोन चाकं होती, प्रत्येकी ७७५ टनांची, कारण एका प्रयोगाला लागणारी क्षणिक वीज तिथल्या ग्रिडकडून सगळीच्या सगळी मागणं शक्य नव्हतं. उद्यमनगरच्या इंजिनाचं चाक आणि हे चाक यांच्यात तत्त्वाचा फरक काहीही नाही. आज चाकाची जागा कपॅसिटर, बॅटरी आणि स्टॅटकॉमसारखी जलद उपकरणं घेत आहेत. भट्टीसाठी एकाच पॅनेलवर दोन क्रुसिबल, एक वितळत असताना दुसरी ओतायची, ही व्यवस्था हिसका मुळातच लहान करते. माझं मत विचाराल तर आधी वेळापत्रक, मग रिॲक्टर, मग पॅनेलची निवड आणि सर्वांत शेवटी महागडी उपकरणं, हा क्रम ठेवावा. बाजारात तो नेमका उलट चालतो.

हे पुस्तक प्राध्यापकांसाठी लिहिलेलं नाही. ज्याच्या सहीने पॅनेल चालू होतं तो सुपरवायझर, ज्याच्या खिशातून पैसे जातात तो कारखानदार, आणि डिप्लोमाचं शेवटचं वर्ष संपवून शिरोलीत नोकरी शोधणारा मुलगा किंवा मुलगी, हे तिघं मी समोर धरले आहेत. जिथे शॉपमधला शब्द चालतो तिथे मी तो ठेवला आहे. सूत्रं आहेत, पण प्रत्येक सूत्राबरोबर पाटीवर वाचता येणारा आकडाही आहे, म्हणजे पाटी, पेन्सिल आणि भागाकार एवढ्यावर निम्मं पुस्तक तपासता येईल. ज्यांना हे सगळं पाठ आहे त्यांनी कपॅसिटर आणि ट्रान्स्फॉर्मरची दोन प्रकरणं तेवढी वाचावीत.

एक विनंती. पहिलं प्रकरण उघडण्यापूर्वी आपल्या इनकमरवर एक पूर्ण हीट होईपर्यंत किंवा एक शिफ्ट, सेकंदासेकंदाची नोंद ठेवणारं मीटर लावा. भाड्यानेही मिळतं. ट्रान्स्फॉर्मरच्या पाटीवरचा इंपिडन्स, कपॅसिटरचे एकूण केव्हीएआर, सर्वांत खाली गेलेलं व्होल्टेज आणि सर्वांत वर गेलेला करंट असे चार आकडे एका कागदावर लिहा आणि तो कागद पुस्तकात ठेवा. पुढची प्रत्येक आकडेमोड माझ्या उदाहरणाच्या जागी तुमचे आकडे घालून करा.